केतकीची सहा मापं

मित्रांनो, मला हात लावायचा असेल तर बेतानं लावा. माझी कड गंजली आहे, आणि गंजक्या कडेनं बोट कापलं की तुमच्या आया मलाच बोल लावतात. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. गोल, पसरट, पोळ्यांच्या डब्याहून उथळ. झाकण नाही. पोटावर लाल रंगात एका सिनेमाचं नाव होतं. त्यातला आता एक 'ळ' उरला आहे आणि त्याखाली 'भाग ५'. वय विचाराल तर शंभरीला तीन-चार उणी.

या वर्षांत मी फार दमलो. दमलेली माणसं एक तर गप्प बसतात, नाही तर बोलत सुटतात. माझं गप्प बसून झालं आहे. आता थोडं बोलून घेतो.

माझं खरं आयुष्य सुरू झालं खडकीच्या पलीकडच्या एका माळावर. तिथे तेव्हा एक सिनेमा कंपनी होती. कंपनी म्हणजे काय, तर मागे रंगवलेले पडदे, बाजूला कनाती, आणि वर मोकळं आभाळ. मोठे दिवे नव्हते, म्हणून सगळं चित्रण उन्हात चाले. सिनेमा तेव्हा मुका होता. पडद्यावरची माणसं ओठ हलवत, पण आवाज येत नसे. मधूनमधून पाटी दिसे, तिच्यावर बोलणं लिहिलेलं असे, आणि पडद्याशेजारी बसून कुणी तरी पेटी-तबला वाजवत असे. एका सिनेमाची फिल्म सात भागांत गुंडाळलेली असे. प्रत्येक भागाला एक डबा. माझ्या वाट्याला पाचवा भाग आला.

त्या सिनेमाची नायिका होती रहमत. वय एकोणीस. पडद्यावर तिला 'मिस केतकी' म्हणत. चांगल्या घरच्या मुली सिनेमात येत नाहीत, असं तेव्हा लोक म्हणायचे. मला ते कधी कळलं नाही. ती सकाळी सहाला येई. चेहऱ्याला पांढरा रंग फासून दिवसभर उन्हात उभी राही. संध्याकाळी कंपनीच्या टांग्यात बसल्या बसल्या झोपून जाई. चांगल्या घरच्या मुली याहून वेगळं काय करतात?

माझ्या पोटातल्या भागात एक प्रसंग होता. दुःखी राणीला लग्नासाठी जबरदस्तीनं बांगड्या भरतात. बांगड्या भरणाऱ्या मणियाराचं काम एका नटाला दिलं होतं. त्यानं अकरा बांगड्या फोडल्या आणि रहमतच्या मनगटावर तीन ओरखडे काढले. मग डायरेक्टरनं वैतागून रविवार पेठेतून खरा मणियार बोलावला. त्याचं नाव अझीम. बावीस वर्षांचा. उजव्या हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलेला. लहानपणापासून बांगड्या चढवून चढवून तो तसा झाला होता.

"तुमचा चेहरा नकोय आम्हाला," डायरेक्टर म्हणाला, "हात तेवढे द्या."

"आधी सांगायचं होतंत," अझीम म्हणाला. "चेहरा घरी ठेवून आलो असतो."

कॅमेऱ्याची मूठ फिरू लागली. ओरखड्यांच्या आठवणीनं रहमतनं हात आखडून घेतला. अझीमनं तिची बोटं हळूच दाबली आणि मणियार जे रोज शंभरदा म्हणतो, तेच म्हटलं. "हात सैल सोडा, बाई. सैल सोडलात तर दुखत नाही." तिनं डोळे गच्च मिटले. बांगडी अंगठ्याच्या हाडावरून उतरली. तिनं डोळे उघडले, मनगटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि हसली. राणीनं हसायचं नव्हतं. डायरेक्टर रागावला, पण ऊन उतरत होतं. तो तुकडा तसाच राहिला, माझ्या पोटात.

पुढची चार वर्षं मी हिंडलो. बैलगाडीतून, आगगाडीतून, जत्रेतल्या तंबूंतून. हडपसर तेव्हा एक खेडं होतं. तिथल्या तंबूत बायका तान्ही मुलं घेऊन जमिनीवर बसायच्या. पाचवा भाग लागला आणि राणी हसली की त्याही हसायच्या. का हसलो ते त्यांना सांगता आलं नसतं. मला मात्र तेव्हा फार बरं वाटे.

मग सिनेमाला वाचा फुटली. कंपनीनं रहमतला आवाजाच्या परीक्षेला बसवलं. आवाज ऐकणारे साहेब कानावरचं यंत्र काढून म्हणाले, "तुझा चेहरा बोलतो. तू नको बोलूस." बाहेर येऊन ती जोत्यावर बसली. चेहऱ्यावरचा रंग वाळून तडकला होता. सहा सिनेमे झाले होते. वय तेवीस होतं.

अझीमनं तिच्याशी लग्न केलं. त्याच्या थोरल्या भावानं, हमीदभाईंनी, एकच अट घातली. या घरात सिनेमाचं नाव निघता कामा नये. दोघांनी ती पाळली.

आणि मग सिनेमाच त्यांच्या घरी आला. कंपनी बुडाली होती. तिच्या फिल्म वजनावर विकल्या गेल्या. मित्रांनो, तुम्हाला नवल वाटेल, पण त्या काळी जुन्या फिल्मच्या बांगड्या होत. फिल्म सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवायची, हातानं चोळायची. चित्र निघून जातं आणि काचेसारखी स्वच्छ पट्टी उरते. ती कापून, वळवून, तिच्यावर टिकल्या चिकटवून स्वस्त बांगड्या बनत. अझीमनं अशीच दोन पोती आणली. त्यांत मी होतो.

त्यानं माझं झाकण उघडलं. पट्टी खिडकीशी धरली. तिच्यात त्याला स्वतःचा वाकडा अंगठा दिसला.

रहमतला तेव्हा सातवा महिना होता. ती घंगाळाशी बसली होती, बाह्या वर करून.

"ही ठेवून देऊ?" त्यानं विचारलं.

"आणि खायचं काय?" ती म्हणाली. "इकडे द्या. तोंड धुवायला कसली लाज?"

तिनं दुपारभर स्वतःचे चेहरे धुतले. घोडीवर बसलेली, विहिरीत डोकावणारी, रडणारी, मरणारी. पाणी राखाडी झालं, ते मोरीत ओतलं, नवीन घेतलं. मधेच ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसे आणि पोटावर ओला हात ठेवी. तेवढ्यात अझीमनं दोन-अडीच हात लांब तुकडा कापून माझ्या तळाशी सरकवला. बांगडी भरण्याचा तो तुकडा. तिनं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

त्याच दिवशी माझं झाकण गेलं. शेजारच्या गोदाबाईंनी दुधावर ठेवायला म्हणून नेलं. "आत्ता आणून देते," म्हणाल्या. त्या गेल्या, त्यांचं दूध गेलं, त्यांची गल्ली गेली. झाकण अजून यायचंय. झाकण नसलेल्या डब्याला कुणी मानानं ठेवत नाही. मी पुढे कित्येक वर्षं त्याची लाज बाळगली.

मुलगी झाली. तिचं नाव कमरजहां. तिच्या पहिल्या बांगड्या आईच्या धुतलेल्या फिल्मच्या होत्या, काळ्या दोऱ्यानं गुंडाळलेल्या, दृष्ट लागू नये म्हणून. रहमत पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधी, हातांनी बांगड्यांवर टिकल्या चिकटवी. पाळणा थांबला की बाळ रडे. बाळ रडलं की पाय हले, पण रहमत जागी होत नसे. झोपेतच झोका देई. असा थकवा मी पुन्हा कुठे पाहिला नाही.

कमरजहां पाच वर्षांची असताना रहमत विषमज्वरानं गेली.

तिचा चाळिसावा दिवस झाला आणि हमीदभाई घर धुंडायला आले. ट्रंकेत तिचे फोटो होते. "पोर मोठी होईल, लग्नाला येईल," ते म्हणाले. "हे सगळं कुणाच्या दृष्टीला पडायला नको." अंगणात फोटो जाळले. दुसऱ्या दिवशी ते दुकानही पाहणार होते.

त्या रात्री अझीमनं एक गोष्ट केली. आमच्या मणियारांत धंद्याच्या मापाला परका हात लागत नाही. माप म्हणजे रोजी. ते कुणी उचलत नाही, ओलांडत नाही, उसवत तर नाहीच. बांगड्यांची मापं असतात दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, अशी. पट्टी मुडपलेल्या पंजाभोवती गुंडाळायची. जिची टोकं जुळली, ते त्या हाताचं माप. अझीमनं माझ्यातली फिल्म काढली, कात्री घेतली, आणि तिची सहा मापं कापली. दोन-दोनपासून दोन-दहापर्यंत पाच, आणि सहावं तान्ह्या बाळाचं. प्रत्येकावर जाड्याभरड्या कापडाची पिशवी शिवली. दुसऱ्या दिवशी हमीदभाईंनी दुकानातलं सगळं पाहिलं. माझ्यातली मापं पाहून त्यांनी मानानं हात कपाळाला नेला आणि पुढे गेले.

सहा तुकडे करून त्यानं तिला वाचवलं. मला ते ठाऊक होतं. पण मी डबा. मी मुक्या सिनेमाहून मुका. त्यात निदान पाट्या तरी होत्या.

कमरजहांला आईचं सिनेमातलं नाव सांगितलं ते गोदाबाईंनी. "केतकी म्हणायचे तिला. अन् हा डबा तिच्याच सिनेमाचा. कुणाला बोलू नकोस." पोर दहा वर्षांची होती. तिनं बापाला विचारलं, "अम्मी कशी दिसायची?" तो म्हणाला, "तुझं लग्न होऊ दे, मग सांगेन." लग्न झालं. लग्नानंतरच्या आठवड्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

पुढचं सांगायला मला जड जातं. तो खाटेवरून डाव्या हातानं माझ्याकडे बोट दाखवी. कमरजहां मला घेऊन जवळ बसे. तो मान हलवी, जोरजोरात. ती एक माप काढून त्याला दाखवी. तो आणखी हलवी.

"हो अब्बा, मापं जागेवर आहेत," ती म्हणे. "धंद्याची काळजी नका करू." आणि त्याला हसवायला स्वतःच्या पंजाभोवती पट्टी गुंडाळी. "हे बघा, दोन-सहाच आहे. लग्न झालं तरी हात नाही वाढला."

तो रडे. तिला वाटे, दुकान सुटलं म्हणून रडतो आहे. दोन वर्षांनी तो गेला.

मग कमरजहांनं दुकान चालवलं, पन्नासहून जास्त वर्षं. किती नवऱ्या मुली आल्या, किती डोहाळेकरणी, किती बारशाची बाळं. "हात सैल सोड गं." पट्टी काढायची, गुंडाळायची, परत माझ्यात टाकायची. आईचा चेहरा रोज तिच्या चिमटीत असे, आणि ती रोज दुसऱ्यांचे हात मोजे. दोन-सहाचं माप सगळ्यांत जास्त चाले. त्याची पिशवी घामानं काळी पडली. मी खिडकीच्या फळीवर, वाऱ्यावर, तोंड उघडं टाकून पडलेलो. दमलो होतो, पण सांभाळत होतो.

दुकान बंद झालं. कमरजहां नातीकडे राहायला गेली, कात्रजला, चौथ्या मजल्यावर. नातीचं नाव माहेनूर. ती हडपसरच्या आयटी कंपनीत जाते. तिचा नवरा नासिर, आणि सात महिन्यांची सुहाना. माहेनूर सकाळी एका हातानं सुहानाला भरवते, दुसऱ्या हातानं लॅपटॉपवर काही तरी लिहिते, आणि तिचा चहा कायम थंड होतो. सुहाना रडली की ती बसल्या जागी पाय हलवू लागते, पायाला दोरी नसतानाही.

कमरजहां आता सत्त्याऐंशीची आहे. तिला काचबिंदू झाला. हा आजार कडेकडेनं नजर खातो आणि मध्ये गोल तेवढा ठेवतो.

"बांगडीतून पाहावं तसं दिसतं," ती डॉक्टरांना म्हणाली. "मागच्या वर्षी दोन-दहाची होती. आता दोन-दोन झाली."

डॉक्टरांनी माहेनूरला बाजूला घेतलं. बांगडी लहान होत जाणार होती. गेलेली नजर परत येत नाही. थोडे महिने, फार तर.

त्या संध्याकाळी कमरजहां म्हणाली, "मला काही नको. हजला जाऊन आले, पणती पाहिली. एकदा आईचा चेहरा पाहायचाय फक्त. मला तिचा ओला हात आठवतो. सोड्याचा वास आठवतो. चेहरा जिथे असायला हवा, तिथे काही नाही."

पुण्यात सिनेमे जपणारं एक मोठं संग्रहालय आहे. माहेनूरनं तिथे ई-मेल केली. उत्तर आलं की मिस केतकी यांचा एकही चित्रपट उपलब्ध नाही, क्षमस्व.

"मला कागद नको वाचून दाखवू," कमरजहां म्हणाली. "माणसाच्या तोंडून ऐकू दे. आणि तो डबा घे बरोबर. अम्मीचा आहे, खूण म्हणून असू दे."

डबा सापडेना. नासिरनं मला आतल्या मापांसकट बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे ठेवलं होतं, रद्दीच्या गठ्ठ्यावर. भंगारवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता.

"नासिर!" माहेनूर ओरडली. "हा टाकायला काढला होतास?"

"अगं, गंज बघ ना. सुहाना रांगतेय. हात कापला तर धनुर्वाताचं इंजेक्शन तुझी नानी घेणार आहे का?"

"नानी ऐकतेय," आतून आवाज आला.

"तेच म्हणतोय नानी, जपून ठेवला होता," नासिर म्हणाला, आणि मला शर्टाच्या बाहीनं पुसलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. सुहाना माहेनूरच्या कडेवर, मी कमरजहांच्या मांडीवर, रिक्षात. संग्रहालयाच्या दारावर संजय नावाचे गृहस्थ वही घेऊन बसले होते.

"वेळ घेतली होती का? नाही? मग बसा. इथे वेळच वेळ आहे," ते म्हणाले. मग मला पाहिलं. "आजी, जेवणाचा डबा आत नेता येत नाही."

"जेवणाचा असता तर झाकण असतं, बेटा," कमरजहां म्हणाली.

त्यांनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं, आणि स्वतः उठून खुर्ची आणली.

आत ऋचा भेटली. सव्वीस वर्षांची असेल. जुन्या फिल्म तपासणं हे तिचं काम. तिनं मला सगळ्या बाजूंनी पाहिलं, 'भाग ५' वर बोट ठेवलं. "डबा खरा आहे आजी. त्याच काळातला. पण फिल्म..." तिनं मला कमरजहांच्या हातात परत दिलं. "यादीत त्यांचं नाव आहे. सहा चित्रपट. एकही उरला नाही. फोटोसुद्धा नाही. मी परत परत शोधलं."

कमरजहां म्हणाली, "बरं. तोंडानं सांगितलंस, बरं केलंस." ती उठायला लागली. तिचे गुडघे वाजले. मी तिच्या हातात होतो, आणि तिचा हात इतका थकलेला मला कधीच लागला नव्हता. वाटलं, झालं. आता परत बाल्कनी.

ऋचानं पाण्याचा पेला पुढे केला. कमरजहांच्या त्या लहानशा गोलात तिचं मनगट आलं.

"हे काय? हात भुंडा?"

"आजी, फिल्मचं काम असतं. बांगड्या घासतात."

"मग सुट्टीच्या दिवशी घाल. दे इकडे हात. मणियारीण माप घेतल्याशिवाय कुणाला सोडत नाही."

"नानी, आपण त्यांच्याकडे आलोय," माहेनूर हळूच म्हणाली. "ते आपल्या दुकानात नाही आलेत."

"मी बसते तिथे माझं दुकान."

तिनं माझ्यात हात घातला, सवयीनं दोन-चार उचललं, आणि ऋचाच्या पंजाभोवती गुंडाळलं. "हात सैल सोड गं." टोकं सुटू नयेत म्हणून ऋचानं दुसऱ्या हाताच्या चिमटीत पट्टी धरली.

तिची बोटं थांबली. कापडावरून ती पट्टीच्या कडेवर पुढे सरकली, मागे आली, पुन्हा पुढे. फिल्मच्या दोन्ही कडांना बारीक चौकोनी भोकं असतात. तिच्या बोटांना ती झोपेतही कळली असती, जसं कमरजहांच्या बोटांना मनगट.

"आजी, यात काय आहे?"

"माप आहे."

"मापाच्या आत?"

"ते मला काय माहीत? अब्बांनी शिवलंय. मापाला कुणी उसवतं का?"

"उसवू द्याल?"

कमरजहांनं पट्टी छातीशी धरली. सत्त्याऐंशी वर्षांत तिनं एक माप कधी ओलांडलं नव्हतं. "हे उसवलं तर अब्बांचं काय उरलं माझ्याकडे?" ती पुटपुटली. आणि मग तिचा डावा हात आपोआप वर आला. खाटेवरून माझ्याकडे बोट दाखवणाऱ्या अझीमच्या हातासारखा. तो हात तसाच हवेत राहिला.

"अब्बा मापं दाखवत नव्हते," ती म्हणाली. "हे दाखवत होते."

मग म्हणाली, "कात्री नको. एकेक टाका उसवा."

माहेनूरनं सुहानाच्या झबल्याची सेफ्टी पिन काढली आणि पहिला टाका उचलला.

आतून कापरासारखा उग्र वास आला. ऋचानं पट्टी उजेडाशी धरली. "बाई आहे," ती कुजबुजली. "डोळे मिटलेत. कुणी तरी बांगडी भरतंय."

"दाखव!"

पण ते चित्र टपाल तिकिटाएवढं, आणि तिच्या बांगडीतून धुकं. तिनं डोळ्याशी नेलं, लांब नेलं. "मला नुसतं काळं दिसतंय," ती म्हणाली, आणि पट्टी परत दिली.

ते मोठं करायचं होतं. फिल्म आधी गार खोलीत न्यायची, साफ करायची, मग एकेक चित्र संगणकात घ्यायचं. परवानगी, सह्या. ही जुनी फिल्म पेट घेते, हेही ऋचानं सांगितलं. हिवाळ्यात दुकानात शेगडी कुठे असायची ते ऐकून ती खुर्चीत बसलीच. "किती दिवस?" कमरजहांनं विचारलं. "तीन आठवडे तरी." "माझी बांगडी तेवढी थांबणार नाही, बेटा." ऋचा म्हणाली, "दहा दिवस. मी थांबत जाईन संध्याकाळी."

ते दहा दिवस मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रिकामा होतो. कमरजहां रोज सकाळी सुहानाचा चेहरा जवळ घेऊन पाही. नवव्या दिवशी ती म्हणाली, "आता हिचा एक डोळा दिसतो नाही तर एक गाल. बाळमाप झालं." नासिरनं दहाव्या दिवशी रजा टाकली आणि त्यानंच मला पिशवीत घातलं.

ऋचाचे डोळे लाल होते. "आजी, पाच पट्ट्या वाचल्या. एक विरघळली. दोन-सहाची."

"ती फार राबली गं," कमरजहां म्हणाली.

"आणि एक सांगू? या डब्याला घट्ट झाकण असतं ना, तर आतला वायू कोंडून सगळ्याच गेल्या असत्या. वारा लागत होता म्हणून टिकल्या."

मित्रांनो, ज्या गोष्टीची मी इतकी वर्षं लाज धरली, तिच्यासाठी मी त्या दिवशी गोदाबाईंना दुवा दिला.

"सगळे मिळून पावणेतीन सेकंद आहेत," ऋचा म्हणाली. "पण परत परत लावता येतील." तिनं खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ ओढली. इतकी की कमरजहांचं नाक काचेला लागलं असतं. माहेनूरनं तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि हळूच फिरवलं, दिवा वळवावा तसं. "दिसतंय नानी?"

"हात आहे," कमरजहां म्हणाली. "पुरुषाचा... अब्बांचा अंगठा! वाकडा! हे अब्बा आहेत!"

"आता थोडं वर, नानी. वर बघ."

माहेनूरनं डोकं उचललं. एक ओठ आला. मग गाल. मग मिटलेले डोळे. तुकड्यातुकड्यानं, तिच्या एवढ्याशा बांगडीतून, रहमत आली. डोळे गच्च मिटलेले. डोळे उघडले. मध्ये एक धक्का, जिथे दोन-सहाचा तुकडा नव्हता. आणि हसू. लगेच पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले.

ऋचानं ते थांबू दिलं नाही.

"किती लहान आहे गं ही," कमरजहां शेवटी म्हणाली. "पोर आहे. माहेनूर, तुझ्याहून लहान. आणि दमलीय बघ केवढी. उन्हात उभी केलीय पोरीला."

पडद्यावर रहमतनं पुन्हा डोळे मिटले, मूठ आवळली, खांदे आखडले. सत्त्याऐंशी वर्षांच्या लेकीनं हात पुढे केला, काचेवर ठेवला, आणि आयुष्यभर हजारो मुलींना जे सांगितलं, ते त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला सांगितलं.

"हात सैल सोड, अम्मी. सैल सोडलास तर दुखत नाही."

आणि रहमत हसली. प्रत्येक वेळी, ते शब्द झाल्यानंतर, ती हसली.

कमरजहांला आता दिसत नाही. पण चेहरा जिथे असायला हवा, तिथे तिच्या मनात आता चेहरा आहे. तेवढं तिला पुरतं. पट्ट्या गार खोलीत आहेत. मी कात्रजला परत आलो. नासिरनं माझ्या कडेला जाड कापडी पट्टी चिकटवली, म्हणजे आता कुणाचं बोट कापणार नाही. माझ्यात सुहानाचा खुळखुळा असतो, एक मोजा असतो, कधी अर्धं खाल्लेलं बिस्कीट.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, जिच्याकडे एखादं म्हातारं माणूस सारखं बोट दाखवत असेल, तर ती आधी झटकून जागेवर ठेवू नका. "हो हो, कळलं," असंही म्हणू नका. थोडं जवळ बसा आणि विचारा, नक्की काय? त्याला बोलता येतंय तोवर विचारा. आणि ती वस्तू टाकायलाच काढली असेल, तर भंगारवाल्याची हाक येण्याआधी एकदा तिच्यावरून बोट फिरवा. कधी कधी बोटांना जे कळतं, ते डोळ्यांना शंभर वर्षं कळत नाही.

बस्स. मी बोललो. आता संध्याकाळ झाली आहे. माहेनूर कामावरून आली आहे आणि सुहानाला मांडीवर घेऊन बसल्या बसल्याच झोपली आहे. तिचा पाय मात्र हलतो आहे.

माझ्याकडे आता सांभाळायला एक मोजा आहे. तेवढा मी सांभाळतो.